कड्यावरची वाट मला चालायची आहे, मुलगा 'नको' म्हणतो

पत्राचा सारांश: मी 64 वर्षांची, महाडची, निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी हे झोपेतच गेले. मुलगा आयर्लंडहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सध्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर त्याच्याकडे कॉर्कला आले आहे. तो आयटीत, सून नर्स, तिच्या पाळ्या असतात. मध्यंतरी एका रविवारी आम्ही आर्डमोर नावाच्या छोट्या गावी गेलो. किनाऱ्यावर बसून चिप्स खाल्ले. तिथल्या फलकावर कड्यावरून फिरून पुन्हा गावातच येणाऱ्या वाटेचा नकाशा होता, जेमतेम चार किलोमीटरची. निघता निघता मी म्हटलं, "जाऊन येऊ या का?" मुलगा म्हणाला, "आई, कडा आहे, वारा असतो, तुझा गुडघा. नको." डाव्या गुडघ्याची झीज आहे हे खरं, पण हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मी परवापरवापर्यंत केली आहे. लहानपणी हाच मुलगा तिथल्या पायऱ्यांवर घाबरून बसायचा आणि मीच त्याला उतरवायचे. आता हट्ट धरावा तर त्यांचा सुट्टीचा एकुलता दिवस माझ्यापायी जाईल. एकटी बसनं गेले तर त्याला अपमान वाटेल. एवढ्याशा गोष्टीवरून घरात कटकट नको, म्हणून गप्प बसू का?

ताई, आधी सांगून टाकते, ही वाट मी दोनदा चालले आहे. नोकरीनिमित्त काही वर्षं कॉर्कला होते तेव्हा. एकदा मे महिन्यातल्या लख्ख उन्हात, आणि एकदा अशा वाऱ्यात की माझंच बोलणं मला ऐकू येईना. त्यामुळे तुमचं म्हणणं मला पटतं आणि मुलाचंही. तुम्ही पहिल्या दिवसाबद्दल बोलताय, तो दुसऱ्या.

'एवढ्याशा गोष्टीवरून' असं तुम्ही लिहिलंय खरं, पण एवढीशी असती तर चार पानांचं पत्र आलं नसतं. मुलाचं घर झालं तरी ते दुसऱ्याचं घर. हीटर कुठल्या बटणानं लागतो इथपासून कुठल्या रंगाच्या डब्यात कुठला कचरा, इथपर्यंत सगळं विचारून करायचं. जन्मभर चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग ताब्यात ठेवलेल्या बाईला हे किती जड जातं, ते मुलांच्या लक्षात येत नाही. कारण मुलं प्रेमानंच वागत असतात. त्यात एका रविवारी तुम्हाला आपण होऊन काहीतरी हवंसं वाटलं. कुणी 'आई, हे बघ' म्हणून दाखवलेलं नव्हतं. तुमचं तुम्ही फलकावर वाचलेलं. ते सोडवत नाहीये, यात लाजण्यासारखं काही नाही.

पण तुम्ही विचारलंत केव्हा? निघता निघता. दिवस संपत आलेला, हातात चिप्सचे रिकामे कागद, सुनेची बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी. त्या वेळी कुणीही 'नको'च म्हणेल. तो 'नको' तुम्ही कायमचा धरून बसलात, त्याच्या लेखी तो कदाचित त्या संध्याकाळपुरताच असेल. शाळेतही घंटा झाल्यावर आलेल्या प्रश्नाला तुम्ही 'उद्या बघू' म्हणत असालच की.

'कडा' हा शब्दही घात करतो. आयर्लंडमधला कडा म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते पश्चिमेकडच्या क्लेअर काउंटीतले मोहरचे कडे. सर्वांत उंच जागी 214 मीटर, सरळसोट खाली समुद्र. 2024 मध्ये तिथल्या काठावरच्या वाटेचे मोठे भाग सुरक्षेपायी बंद करावे लागले. तिथे राहणाऱ्या माणसाच्या कानावर हे आलेलं असणारच. आर्डमोर त्या जातीचं नाही. दक्षिण किनाऱ्यावरचं, वॉटरफर्ड काउंटीतलं गाव, वाट मळलेली, ठिकठिकाणी बाणांच्या खुणा, आणि निम्मा फेरा झाल्यावर ती समुद्र सोडून शेतांकडे वळते. मात्र सगळीकडे कठडा नाही. काही ठिकाणी वाट आणि पोकळी यांच्यामध्ये गवत आणि झुडपं, बस्स.

आता जरा अवघड बोलते. यजमान झोपेत गेले, मुलगा वेळेत पोचला नाही, हे तुम्ही दोन ओळींत लिहून पुढे गेलात. मला वाटतं त्याचा 'नको' तिथून आलाय. गुडघ्याचं नाव पुढे केलं, कारण गुडघ्याबद्दल बोलता येतं. एकदा विमानातून उतरून थेट तेराव्याच्या तयारीला लागलेला मुलगा नव्वद दिवस आईला डोळ्यांसमोर ठेवतो आणि तिला ओरखडाही उठू नये म्हणून धडपडतो. ती धडपड कधीकधी आईच्या अंगावर येते. माझा अंदाज चुकलाही असेल. पण चुकलाय की नाही, ते तुम्हीच त्याला विचारू शकता.

बरं, त्याच्या बाजूनं एवढं बोलले, आता तुमचीही एक चूक दाखवते. हरिहरेश्वरला जमलं म्हणून इथे जमेल, हा हिशेब तितका सरळ नाही. परवापरवापर्यंत म्हणजे कधी, ताई? झीज निघायच्या आधी की नंतर? आणि दोन्ही ठिकाणची भीती वेगळी आहे. हरिहरेश्वरला गणेशगल्लीच्या पायऱ्या उतरून आपण थेट लाटांशेजारच्या खडकांवर येतो. तिथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा. ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय तिकडचा माणूस प्रदक्षिणेला निघत नाही, आणि न विचारता गेलेले वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. आर्डमोरला वाट वरून जाते. भरती असो की ओहोटी, काही फरक पडत नाही. फरक पाडतो वारा. तो महाडच्या माणसाला ठाऊक असलेला वारा नव्हे. आपल्याकडे वारा आला की पाऊस येणार हे कळतं. तिथे स्वच्छ ऊन असतानाही तो माणसाला दोन पावलं आडवं सरकवतो.

त्या फेऱ्याचं थोडं सांगते, म्हणजे काय मागताय आणि काय टाळता येईल, दोन्ही समजेल.

गावाच्या टोकाला कड्यावर एक हॉटेल आहे, त्याच्या अंगावरून वाट निघते. त्यापुढे लगेच सेंट डेक्लनची विहीर. विहीर म्हणजे आपल्यासारखी रहाटाची नाही, दगडी बांधणीतला देवळीसारखा झरा, शेजारी पडक्या चर्चच्या भिंती. डेक्लन हा पाचव्या शतकातला संत. आयर्लंडचा मुख्य संत पॅट्रिक यायच्या आधीच त्यानं इथे ख्रिस्ती धर्म आणला, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. जुलैच्या 24 तारखेच्या आसपास त्याची जत्रा भरते, तिला 'पॅटर्न' म्हणतात. विहिरीच्या दगडांवर जवळून बघा. भाविक हातात खडा घेऊन दगडावर क्रूस ओढतात, आधीच्यांनी ओढलेल्याच रेघांवर. पिढ्यान्‌पिढ्या तसं होऊन त्या रेघा बोट आत बसेल इतक्या खोल झाल्यात. मी बोट घालून पाहिलं. गार, ओलसर आणि आतून गुळगुळीत, घरच्या जुन्या पाट्यासारखं.

अशा विहिरींभोवती हे लोक फेऱ्या घालतात आणि त्या उजव्या हातानं घालायच्या असा संकेत आहे. त्याला आयरिशमध्ये 'देशल' म्हणतात. त्यातला मूळ शब्द 'द्यास', त्याचा अर्थ उजवा, आणि दक्षिण दिशासुद्धा. संस्कृतातल्या 'दक्षिण'चेही हेच दोन अर्थ, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. प्रदक्षिणा या शब्दात तोच दक्षिण बसलेला आहे. गावातून हॉटेलच्या बाजूनं निघालात तर समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला राहतो आणि भूशिर उजव्या. म्हणजे ही चक्क प्रदक्षिणाच होते. बाण दाखवतात तीही हीच दिशा.

विहिरीच्या पुढे काही मिनिटांत खाली खडकांत अडकलेलं एक गंजकं धूड दिसतं. 'सॅमसन' नावाची तरंगती क्रेन. 1987 च्या डिसेंबरात लिव्हरपूलहून माल्टाला ओढून नेत होते, वादळात दोर तुटला आणि ती इथे येऊन आदळली. तेव्हापासून तिथेच आहे. फोटो काढायला सगळे इथेच काठाकडे सरकतात. तुमच्या मुलाला मी दम द्यायचा असेल तर तो याच जागी देईन. वाटेवरूनही ती चांगली दिसते, पुढे जायचं कारण नाही.

मग भूशिरावर दुसऱ्या महायुद्धातली टेहळणीची खोली, तिच्याहून जुना एक पहाऱ्याचा बुरूज, आणि वाट हळूहळू वळते. शेवटी शेतांमधून चालत तुम्ही गावाच्या वरच्या अंगाला बाराव्या शतकातल्या गोल मनोऱ्यापाशी येता. सुमारे 30 मीटर उंच, वर निमुळता होत गेलेला. शेजारी बिनछपराचं कॅथीड्रल आणि त्याच्या पश्चिम भिंतीवर कमानींत कोरलेली चित्रं: आदम आणि ईव्ह, शलमोन राजाचा निवाडा. झिजली आहेत, पण ओळखू येतात. शिक्षिकेला इथून हलवणं कठीण जाईल. इथे वेळ राखून ठेवा.

फेऱ्याला साधारण तास धरतात. तुम्ही दोन धरा.

आता गुडघ्याचं. झीज झालेल्या गुडघ्याला चढ परवडतो, उतार परवडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. या फेऱ्यात चढ सुरुवातीला येतो, हॉटेलकडे जाताना, तुम्ही ताज्या असताना. खरा उतार अगदी शेवटी, मनोऱ्यापासून गावात उतरणारा डांबरी रस्ता. म्हणजे थकलेल्या गुडघ्यावर. आणि नेमका तोच भाग सहज गाळता येतो, कारण मनोऱ्यापाशी गाडी येते. कुणीतरी गाडी घेऊन तिथे थांबायचं. सुनेला चालायचा कंटाळा असेल तर हे काम तिचं.

मला तुमच्यासमोर तीन वाटा दिसतात, 'हट्ट' आणि 'गप्प' या दोनच नाहीत. पहिली, अर्धा फेरा: गाव, विहीर, सॅमसन आणि आल्या वाटेनं परत. यात गुडघा कुरकुरला तर कुठल्याही क्षणी मागे फिरता येतं. पूर्ण फेऱ्यात निम्म्याच्या पुढे गेल्यावर ते जमत नाही, तेव्हा मागचं आणि पुढचं सारखंच लांब असतं. मनोरा नंतर गाडीनं बघायचा. दुसरी, पूर्ण फेरा, मुलाबरोबर, शेवटचा उतार गाळून. तिसरी, एकटीनं बसनं. कॉर्कच्या पार्नेल प्लेसच्या स्थानकावरून यॉलमार्गे आर्डमोरला बस जाते, पण फेऱ्या मोजक्या. परतीची चुकली तर गावात अडकायची वेळ. तुम्ही एकटीनं जाऊ शकाल याबद्दल मला शंका नाही. पण पहिल्यांदाच, अनोळखी वाटेवर, शंकास्पद गुडघा घेऊन, फक्त दाखवून द्यायचं म्हणून? तसं जाऊ नका. दुसऱ्यांदा जा हवं तर. तोवर वाट ओळखीची झालेली असेल आणि त्याला अपमान वाटायचं कारणही उरणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिली वाट आधी धरली असती, आणि विहिरीपाशी बसून ठरवलं असतं की पुढचं करायचं का.

त्याआधी दोन आठवडे तयारी. कॉर्कमध्ये ब्लॅकरॉकपासून पॅसेज वेस्टकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर आता चालायची सपाट वाट आहे. तिथे एक दिवसाआड दोन किलोमीटर, मग तीन, मग चार. चार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा काय म्हणतो ते बघा. सुजला किंवा रात्री ठणकला, तर आर्डमोरचा अर्धा फेराच बरा, आणि हे मुलानं सांगायच्या आधी तुम्हीच सांगा. त्याचा विश्वास बसायला याहून चांगली गोष्ट नाही. चपला, कॅनव्हासचे बूट नकोत. तळाला खाचा असलेले बूट, एक चालायची काठी, गुडघ्याचा पट्टा लावत असाल तर तो. साडी किंवा मोठ्या घेराची ओढणी त्या वाऱ्यात शिडासारखी भरते. सलवार, वर बिनओढणीचा कुर्ता आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट. टॉयलेट गावातच उरकून घ्या, वाटेवर नाही.

निघायच्या सकाळी मेट एरिनचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा अंदाज पाहायचा. वाऱ्याचा पिवळा इशारा असला तरी त्या दिवशी जायचं नाही. नारिंगी आणि लाल तर सोडाच. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर माती निसरडी असते, तेव्हाही नाही. हा नियम तुम्हीच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. उन्हाळ्यात तिथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारचा वारा पडायची वाट पाहायलाही सवड मिळते. प्रसंग आलाच तर 112 किंवा 999, आणि समुद्रकाठ असेल तर कोस्ट गार्ड मागायचं.

आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, मुलांकडे डब्लिनला, लंडनला, न्यू जर्सीला गेलेल्या सगळ्या आयाबाबांसाठी: येताना काढलेल्या प्रवास विम्याचा कागद एकदा मुलासोबत बसून वाचा. आधीपासूनचा आजार बहुतेक विम्यांत सरसकट धरलेला नसतो, आणि गुडघा त्यात मोडतो की नाही हे आधी कळलेलं बरं. निम्म्या मुलांची भीती पडण्याची नसते, पडल्यावरच्या बिलाची असते. ती ते आईला बोलून दाखवत नाहीत.

मुलाशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा अडसर तिथेच आहे. रविवारी बोलू नका, कामावरून आल्या आल्याही नको. एखाद्या रात्री जेवण झाल्यावर, सून घरी असताना, नकाशा समोर ठेवून. 'जाऊ का' असं विचारू नका. 'मी अर्धा फेरा ठरवलाय, वाऱ्याचा नियम हा, गुडघ्याची तयारी ही, तू सोबत असावास असं वाटतं' असं सांगा. मग त्याला बोलू द्या. कुठल्या जागी भीती वाटते ते नकाशावर बोट ठेवून दाखव, म्हणावं. बाबांचा विषय निघाला तर निघू द्या, वाट तिथेच राहणार आहे. आणि नाहीच निघाला, तरी गणेशगल्लीच्या पायऱ्यांची आठवण काढायला हरकत नाही. तुम्ही पुढे, तो मागे. या वेळी त्याला पुढे चालू द्या. समुद्राच्या बाजूनं तो, आतल्या बाजूनं तुम्ही. दोघांनाही बरं वाटेल.

सुट्टीचा दिवस माझ्यापायी जाईल, असं लिहिलंत. आईबरोबर चार किलोमीटर चालण्यात मुलाचा रविवार जातो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यानं तर नाही.

किनाऱ्यावर गेलात तर वाळूत सेंट डेक्लनचा म्हणून एक धोंडा दिसेल. त्याखालून सरपटत पलीकडे गेलं की पाठदुखी जाते, अशी तिथली श्रद्धा आहे. तेवढं मात्र करू नका. आधी गुडघा जाईल.

थालीपीठं करून न्या, मनोऱ्यापाशी गवतावर बसून खायला. आणि छत्री घरी ठेवा. माझी एक त्या वाऱ्यानं कड्यावरून नेली, ती अजून खाली सॅमसनच्या आसपास कुठेतरी असेल.